डेंग्यूतली पाळी : तो मेसेज चुकीचा

‘डेंग्यूच्या तापात पाळीला अंगावरून जास्त गेलं तर घाबरू नका, उष्णता बाहेर पडते,’ असा मेसेज फिरतोय. उष्णता वगैरे काही नाही. डेंग्यूत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घटतात, म्हणून रक्त लवकर थांबत नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील किंवा चक्कर येत असेल तर थेट रुग्णालयात जा. ताप उतरलाय म्हणून थांबू नका. उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच जास्त धोक्याचे.

पोटात दुखतंय म्हणून नेहमीची गोळी घेण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांपैकी काही असेल तर नको, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालते, दोन डोसांत 6 तास ठेवून.