‘माहिती उघडी करून खड्डे बुजणार आहेत का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

रस्त्यांच्या स्थितीची सरकारदरबारी असलेली माहिती सगळ्यांसाठी उघडी करावी, या माझ्या मागच्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलंत. सार्वजनिक बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसाने एवढा वेळ काढला, त्याबद्दल आधी मनापासून आभार. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात मांडतो. बरीच माहिती आधीपासूनच संकेतस्थळांवर आहे, मी ती शोधली नाही. खड्ड्याच्या कडेला पट्टी लावून डांबराची जाडी ठरत नाही. माहिती मोकळी केली की माहिती अधिकाराचा धंदा करणाऱ्यांना कुरण मिळेल. लोकांना तक्रार करायला ॲप आहेत, ती पुरेत. आणि शेवटचा, सगळ्यात वजनदार: लिहिलेला प्रत्येक शेरा उद्या स्वतःवरच उलटणार असेल, तर शाखा अभियंता सगळे रस्ते ‘चांगले’ असंच लिहील.

पहिले दोन मला मान्य आहेत. ‘काहीच उपलब्ध नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची नावं, लांबी, खर्च लोकांना पाहता येतो, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ‘जिओसडक’ या सरकारी संकेतस्थळावर ग्रामीण रस्ते आणि वाड्यावस्त्यांचे नकाशेही खुले झाले. पट्टीचंही आपलं बरोबर. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी म्हणजे चाचणी नव्हे, त्यासाठी कोअर कटिंगच, म्हणजे रस्त्याचा गोल तुकडा यंत्राने कापून काढून त्याची जाडी मोजणंच, करायला हवं. लेखातला तो पट्टीचा फोटो मी काढून टाकला आहे.

पण ग्रामसडक योजनेचा आपण दिलेला दाखलाच माझी बाजू भक्कम करतो. ग्रामसडक योजनेत राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक येऊन कामाला ‘समाधानकारक’, ‘समाधानकारक पण सुधारणा आवश्यक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी श्रेणी देतो आणि ती कुणालाही पाहता येते. बांधणीच्या करारातच पाच वर्षांची देखभाल धरलेली असते. पुढे ‘ई-मार्ग’ प्रणाली आली. तिच्यात अभियंता रस्त्यावर उभा राहून फोटो काढतो, गुण देतो, आणि त्या गुणांवर ठेकेदाराचं देखभालीचं बिल ठरतं. हे सगळं आपल्याच देशात, आपल्याच अभियंत्यांनी केलेलं आहे. मग त्याच गावातून जाणारा प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याचा आणि त्याला फुटणारा इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचा, एवढ्यावरून त्यांची माहिती फायलीत का राहावी? दुचाकीवरून जाणाऱ्याला चाकाखालचा रस्ता कोणत्या खात्याचा आहे, हे कळत नाही.

आता आमच्या गावच्या रस्त्याची गोष्ट. मागच्या वेळी मी ती रागाच्या भरात अर्धीच लिहिली होती, म्हणून या वेळी तारखांसकट सांगतो. रस्ता साडेतीन किलोमीटरचा. 20 मि.मी. कार्पेट, म्हणजे डांबरमिश्रित खडीचा थर, आणि वर पाणी अडवणारा सीलकोट असं काम झालं. पहिल्या पावसाळ्यात मोरीजवळच्या वळणावर डांबर सुटलं, दुसऱ्या पावसाळ्यात तिथे असा खड्डा पडला की पाणी भरलं की दिसायचाच नाही. ऑगस्टमध्ये पहाटे आमचा दूधवाला तिथे पडला. मी पोहोचलो तेव्हा एक कॅन आडवा झाला होता, खड्ड्यातलं गढूळ पाणी पांढुरकं झालं होतं, आणि तो साइडपट्टीवर बसून, एका हाताने खांदा धरून, दुसऱ्या कॅनचं झाकण नीट लागलंय का ते बघा म्हणत होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. पुढचा दीड महिना रतीब त्याच्या बायकोने घातला.

त्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फलक आहे. कामाचं नाव, लांबी, रक्कम, ठेकेदार, सगळं नीट रंगवलेलं. ‘काम पूर्ण झाल्याचा दिनांक’ आणि ‘दोष दायित्व कालावधी’ या दोन ओळींपुढे मात्र नुसते ठिपके. हा कालावधी म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगतो: काम संपल्यावर करारात ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला, तर तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. मुदत संपली की तोच खड्डा आपल्या सगळ्यांच्या पैशाने बुजवायचा.

त्या दोन तारखांसाठी मी 12 जानेवारीला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 30 दिवसांत उत्तर नाही. 18 फेब्रुवारीला पहिलं अपील केलं, 28 मार्चला सुनावणी झाली आणि 16 एप्रिलला कागद हातात पडले. मोजमाप पुस्तिकेच्या झेरॉक्समध्ये कडेचे आकडे कापले गेले होते, पण तारीख स्पष्ट होती. काम पूर्ण दोन वर्षांपूर्वीच्या 30 मार्चला, दोष दायित्व दोन वर्षं. मुदत संपून 17 दिवस झाले होते. उन्हाळ्यात त्याच वळणाचं नवं अंदाजपत्रक निघालं.

सर, माझं सगळं म्हणणं त्या 17 दिवसांत आहे. कायद्याप्रमाणे मला माहिती मिळाली, पण तिचा उपयोग संपल्यावर. त्या दोन तारखा संकेतस्थळावर असत्या, निदान फलकावर असत्या, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर ग्रामसभेने ठराव करून पाठवला असता. रस्त्याची स्थिती एका कागदावर आणि ठेकेदाराची मुदत दुसऱ्या कागदावर असेल, तर दोन्ही कागद खरे असूनही लोकांच्या हाती काही लागत नाही. दोन्ही एकाच ओळीत दिसायला हवेत.

माहिती अधिकाराच्या धंद्याबद्दल आपण लिहिलंत त्यात तथ्य आहे. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचे आणि मग ठेकेदाराला फोन करायचा, असं करणारे मीही पाहिलेत. पण त्यांचा धंदा चालतो तो माहिती दुर्मीळ असते म्हणून. जी यादी चावडीवर लावलेली आहे, ती दाखवून कोण कुणाला धमकावणार? 2005 च्या कायद्यातल्या कलम 4 मध्ये हेच अपेक्षित आहे: लोकांवर अर्ज करायची वेळ कमीत कमी यावी, एवढी माहिती कार्यालयांनी आपणहून जाहीर करावी. 2012 मध्ये केंद्राने सरकारी माहिती खुली करण्याचं धोरणही आणलं. नवा कायदा मी मागत नाही.

ॲपबद्दल एकच सांगतो. तक्रारींची यादी म्हणजे रस्त्यांची स्थिती नव्हे. अमेरिकेत बॉस्टन शहराने 2012 च्या सुमारास गाडीतल्या मोबाइलला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे टिपणारं ॲप आणलं, तेव्हा स्मार्टफोन जास्त त्या वस्त्यांतलेच खड्डे जास्त दिसणार, हा प्रश्न तिथे लगेच पुढे आला. आमच्या धनगरवाड्यावर रेंज येत नाही. तिथला रस्ता ॲपच्या हिशेबाने तालुक्यात सगळ्यात चांगला ठरेल.

आता आपला खरा आक्षेप. तो वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण मागच्या लेखात मी ‘अभियंते झोपलेत’ असं लिहून गेलो होतो. ते वाक्य मी मागे घेतो. एका शाखा अभियंत्याकडे किती किलोमीटर असतात, गाडी कितीदा मिळते, निधीची मागणी वर पाठवून किती महिने उत्तर येत नाही, हे आपण लिहिलंत आणि ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी मोर्चा येतो तो त्याच्याच टेबलासमोर.

तरीही, माहिती उघडी झाल्याने तो खोटं लिहील, हे मला पटत नाही. बंद नोंदवहीत ‘चांगला’ लिहायला आज काय जोखीम आहे? कुणी पडताळणारच नाही. उघड्या नोंदीत मात्र त्या रस्त्याने रोज जाणारा प्रत्येक एसटी ड्रायव्हर तपासनीस होतो. शिवाय डोळ्यांनी पाहून शेरा लिहिण्याचीच गरज नाही. बंप इंटिग्रेटरचं एक चाक गाडीमागे ताशी 32 किलोमीटरने ओढत नेऊन खडबडीतपणा मोजायची पद्धत आपण स्वतः वापरली असेल. राष्ट्रीय महामार्गांवर आता लेझर लावलेली वाहनं हे काम करतात. त्या वाचनाचे किलोमीटरवार आकडे, कि.मी. 2/600 ला (म्हणजे 2 किलोमीटर 600 मीटरवर) अमुक, 2/800 ला तमुक, तारखेसह जसेच्या तसे द्यावेत. अभियंत्याच्या सहीवर त्यात काही अवलंबून राहत नाही.

आणि पुरावा दोन्ही बाजूंनी चालतो. इंग्लंडमध्ये 1980 च्या महामार्ग कायद्याच्या कलम 58 प्रमाणे रस्त्यावर अपघात झाला, तर ‘आम्ही वाजवी काळजी घेतली होती’ असा बचाव रस्ते प्राधिकरणाला करता येतो, आणि तो उभा राहतो तो पाहणीच्या नोंदींवर. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. ती रक्कम पुढे जबाबदार अधिकारी आणि ठेकेदारांकडून वसूल करण्याचंही त्यात आहे. अशा वेळी ज्या अभियंत्याने तीनदा निधी मागितला, त्याची ती पत्रं आवक-जावक रजिस्टरात पडून राहणं त्याच्याच मुळावर येणार आहे. ती लोकांसमोर असतील, तर मोर्चा त्याचं टेबल ओलांडून पुढे जाईल.

म्हणून आपली प्रतिक्रिया वाचल्यावर प्रत्येक रस्त्याची कोणती माहिती जाहीर व्हावी, याच्या माझ्या तक्त्यात मी दोन रकाने वाढवले. आधी होते: रस्त्याचा क्रमांक आणि वर्ग, ताब्यात असलेलं खातं, शेवटच्या कामाची पूर्णत्वाची तारीख, ठेकेदार, दोष दायित्व संपण्याची तारीख, शेवटच्या मोजणीची तारीख आणि वाचन. आता त्यात ‘दुरुस्तीसाठी निधी मागितल्याची तारीख’ आणि ‘मंजुरीची तारीख’ हेही आहेत. हे दोन सुचले ते आपल्यामुळेच.

हा तक्ता जोडून आम्ही गावकरी पुढच्या महिन्यात बांधकाम उपविभागाला निवेदन देणार आहोत. त्याआधी आपण तो एकदा नजरेखालून घालाल का? डांबरी रस्त्याचं जमलंय असं वाटतं. पण नुसत्या खडीकरणाच्या रस्त्याला, जिथे यंत्राचं वाचन तसंही जास्तच येणार, ‘मध्यम’ कधी म्हणायचं आणि ‘वाईट’ कधी, हे मला ठरवता आलेलं नाही. आपण आपल्या नोंदवहीत ते कसं ठरवत होता?