दोन नंबरचा आवाज

आमच्या घरातले जुने स्पीकर बावीस वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात होते. हॉलच्या दोन कोपऱ्यांत दोन खोकी. डावीकडच्यावर लाइट बिलांचा गठ्ठा, उजवीकडच्यावर आईच्या चष्म्याचं घर. गाणं लावलं की वाजायचे, बंद केलं की गप्प बसायचे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत याहून जास्त अपेक्षा कुणी माणसाकडूनही करत नाही.

एका रविवारी भाच्यानं त्यांच्या पाठीचे स्क्रू काढले. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि चालू वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आतून तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, दोन कपॅसिटर आणि एक वाळलेली पाल निघाली.

"मामा, हा तुमचा क्रॉसओव्हर."

मी पालीकडं बघत होतो.

मग त्यानं मला शिकवलं. एकट्या स्पीकरला सगळं गाता येत नाही. खर्ज काढायचा तर कोन मोठा आणि दणकट पाहिजे, घुंगरू वाजवायचे तर बोटाच्या पेराएवढा आणि पिसासारखा हलका. म्हणून चांगल्या खोक्यात तिघं असतात: खाली वूफर, मधे मधला, वर ट्विटर. गाण्याची वाटणी करून ज्याचं त्याला देतो तो क्रॉसओव्हर.

"मग अडलंय कुठं? बावीस वर्षं चाललंय की."

"चाललंय, पण अंदाजपंचे. ह्या वेटोळ्याला वाटतं स्पीकर आठ ओहमचा हाय. पण सूर बदलला की स्पीकरचे ओहम, म्हंजे विजेला होणारा अडथळा, तोपण बदलतो. म्हणजे दोन स्पीकरांच्या वाटणीचा बांध एका जागी राहतच न्हाई."

बांध सरकतो म्हटल्यावर मी ताठ बसलो. आमच्या गावाकडच्या वावरात चुलत्यांनी दर नांगरटीला वीतभर बांध कोरत कोरत जे केलंय, त्याचा राग अजून घरात जिवंत आहे. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच खोक्यात बावीस वर्षं हाच प्रकार चालू होता आणि मी वरून गाणी ऐकत होतो!

उपाय होता डिजिटल क्रॉसओव्हर. आवाजाचे आधी आकडे करायचे, आकड्यांची वाटणी करायची, आणि प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. दोन खोकी, खोक्यात तिघं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे सहा चॅनेल.

बायकोनं हिशेब ऐकून घेतला. "आन गाणं एकच ऐकणार न्हवं?"

खोकी करायला सुतारमेस्त्री आले. अठरा मिलिमीटरचा प्लाय, आतून आडवे दांडे, दहा इंची, पाच इंची आणि एक इंची अशी तीन भोकं. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "कबुतरं पाळणार व्हय?" समोरच्या काकांना मात्र खोकी बघून वेगळीच शंका आली. "डॉल्बी घेतला काय? पुढच्या महिन्यात पोराची हळद हाय."

इथं थोडं थांबून सांगतो. आमच्याकडं ट्रॉलीवर रचलेल्या, बरगड्या हलवणाऱ्या खोक्यांच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी नावाच्या ज्या माणसानं १९६५ साली कंपनी काढली, त्याचं पहिलं काम टेपवरची खरखर घालवण्याचं होतं. आवाज कमी करण्यात हयात घालवणाऱ्या माणसाचं नाव मिरजकर तिकटीवर कशासाठी घेतलं जातं हे त्याला कळलं असतं, तर त्यानं आडनाव बदललं असतं.

यंत्र आलं ते जेवणाच्या डब्यापेक्षा चपटं. मागं दोन भोकं आत यायला, सहा बाहेर जायला. बाकी सगळा कारभार लॅपटॉपवर. पडदा उघडला तर आत इतकी बटणं की आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरबद्दल मी आजवर जे बोललो ते सगळं मनातल्या मनात मागं घेतलं.

पहिलाच प्रश्न: फिल्टर, म्हणजे सुरांची वाटणी करणारी चाळणी, कुठला? बटरवर्थ की लिंकविट्झ-रायली?

"बटर कुठलं म्हणालासा?" बायको चहा घेऊन आली होती. चहाबरोबर बटर होतंच, आपलं बेकरीतलं, बुडवून खायचं. मी सांगितलं की बटरवर्थ हा विलायतेतला माणूस, त्यानं १९३० साली हा फिल्टर मांडला. लिंकविट्झ आणि रायली हे पुढचे दोघं इंजिनिअर, त्यांचा फिल्टर १९७६ चा. आणि दोन बटरवर्थ एकामागं एक जोडले की चोवीस डेसिबलचा एक लिंकविट्झ-रायली तयार होतो.

"म्हंजे दोन बटरं जोडली की खारी व्हते," ती म्हणाली. "मी जातो भिशीला." (आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी वाक्य परत वाचू नये.)

मला मात्र हा लिंकविट्झ-रायली फार आवडला. कारण त्याचा बांध. हद्दीवर पोचेपर्यंत दोन्ही स्पीकर आपला आवाज बरोबर निम्म्यावर आणतात, सहा डेसिबल खाली. आणि दोघांचं निम्मं निम्मं मिळून तिथं पुरेपूर भरतं. ना खड्डा, ना उंचवटा. दोन्ही शेजाऱ्यांनी आपणहून निम्मं सोडलेला बांध आमच्या गावात आजवर कुणी बघितलेला नाही. मी भावुक होऊन एक बांध ३०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांच्या सुरावर घातला, दुसरा २५०० वर.

आणि पहिल्याच दिवशी ट्विटर जाळला.

चूक साधी होती. सहा वायरी, सहाही काळ्या. मी खुणेला बायकोच्या बांगड्यांचे दोरे बांधले होते आणि लाल कुठला हे विसरलो. जुन्या खोक्यात ट्विटरच्या वाटेत तो कपॅसिटर दाराशी राखणीला बसलेला असतो, खर्जाला आत सोडत नाही. नव्या पद्धतीत राखण सगळी आकड्यांची, आणि आकड्यांनी वूफरचा माल वूफरच्या भोकातून इमानानं पाठवला. ते भोक ट्विटरकडं जात होतं यात आकड्यांचा काय दोष? लावणी सुरू झाली, ढोलकीची पहिली थाप पडली, ट्विटरनं 'टक्' म्हणून जीव सोडला. उदबत्तीएवढा धूर. केसासारखी तार ती, ढोलकी काय झेलणार!

शाहूपुरीतल्या दुकानदारानं मेलेला ट्विटर कानाशी धरून हलवला. "कॉइल गेली." नवा दिला, आणि वर एक छोटा कपॅसिटर ठेवला. "ह्यो मधी टाका. डिजिटल असलं तरी दारात कुत्रं असावं." म्हणजे जे काढून फेकलं होतं त्याचंच धाकटं भावंड मी पैसे देऊन परत आणलं. मेस्त्रींना सांगितलं नाही.

पुढचा अध्याय मोजणीचा. हॉलच्या मधोमध सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला माइक उभा करायचा आणि स्पीकरमधून वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत चढत जाणारा एकच सूर सोडायचा. त्याला स्वीप म्हणतात. खालून हूऽऽऽ करत उठतो आणि वर ईऽऽऽ करत नाहीसा होतो. मोजताना घरात टाचणी पडता कामा नये. पंखा बंद. फ्रिज बंद. मिक्सर बंद. आईनं जप मनात करायचा. कुकर लावायचा नाही असं मी तीनदा सांगितलं होतं, पण डाळीला माझ्या संशोधनाचं काय सोयरसुतक! आलेखावर मधेच एक सुळका आला आणि तो बसवायला मी तासभर घाम गाळला. मग स्वयंपाकघरातून दुसरी शिट्टी झाली.

स्वीप खालच्या सुरांतून जात असताना दुसरीच गोष्ट कळली. आमचा हॉल पंधरा फूट बाय बारा. पंधरा फुटांत ३७-३८ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी मावते, बारा फुटांत ४७ ची. त्या सुरांना खोली स्वतःच घुमायला लागते. आणि ४७ ला आमची भांड्यांची मांडणी. ताटं, वाट्या, पातेल्यांची झाकणं, सगळं एका सुरात. दिवसातून चाळीस वेळा भांडी वाजायला लागल्यावर शेजारच्या काकू दारात आल्या आणि हळूच बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय असंल तर बोलून मिटवा गं."

आईला याचा काही त्रास नव्हता. तिच्या कानात यंत्र आहे. ते यंत्रसुद्धा आवाजाची वाटणीच करतं, जो पट्टा तिला कमी ऐकू येतो तेवढाच उचलून देतं. स्पीकरचे तीन भाग करायला मला दोन महिने लागले होते. तिचं बोटाएवढं यंत्र दवाखान्यातल्या मुलीनं तिला बोलतं ठेवून, चहा निवायच्या आत लावून दिलं होतं. शिवाय ते तिला बंदही करता येतं. मी माइक उभा केला की आईचा हात कानाकडं जायचा.

माझ्या कानांची गोष्ट याहून वाईट. वरची टोकं तपासताना मी दहा हजारांचा सूर लावला, ऐकू आला. बारा हजार, आला असं वाटलं. चौदा हजार लावला तर शुद्ध शांतता. ट्विटर परत गेला म्हणून मी वायरी चाचपायला लागलो, आणि मागं भाचा दोन्ही कानांत बोटं घालून कळवळत होता. "मामा, बंद करा की!" वय वाढलं की कान वरून झिजत खाली येतात म्हणे. म्हणजे माझ्या पैशानं घेतलेल्या ट्विटरचा वरचा मजला भाचा फुकट ऐकतो, आणि तो घरी नसेल तेव्हा गल्लीतली कुत्री.

शेवटचं काम होतं पावलं जुळवायचं. जात्यावर दोघी बसल्या तर दोघींनी खुंटा एकाच बाजूला लोटला पाहिजे. एकीनं उलटा लोटला तर पीठ पडत नाही, नुसता दम जातो. ट्विटरचं तसंच. माझा ट्विटर मधल्या स्पीकरपेक्षा साधारण साडेतीन सेंटिमीटर कानाजवळ होता, म्हणजे त्याचा आवाज एक दशांश मिलिसेकंद आधी येत होता. आमच्या घरात वेळेआधी येणारं तेवढं एकच. त्याला तेवढा वेळ थांबवायचं.

आता नेमकं जुळलं हे ओळखायचं कसं? इथं या विद्येनं मला गार केलं. बरोबर आहे का हे बघायला मुद्दाम चूक करायची. ट्विटर उलटा करायचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या 'इन्व्हर्ट'च्या चौकटीत टिचकी मारायची. मग बांधावर दोघं एकमेकांना खातात आणि आलेखात २५०० ला खड्डा पडतो. खड्डा जेवढा खोल, तेवढं तुमचं काम बिनचूक. मी सरकवत गेलो. ०.०८ ला खळगा, ०.०९ ला विहीर, ०.१० ला पाताळ. तीस डेसिबल! दोन्ही बाजूंना! पोराच्या बारावीच्या निकालाला मी एवढा ओरडलो नव्हतो. लगोलग जतन केलं, लॅपटॉप मिटला आणि ताटावर बसलो.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सुखाचे होते. इचलकरंजीचा मेहुणा येऊन ऐकून गेला. "नाद खुळा, दाजी! काटाकिर्र!" बायको म्हणाली, आता गाण्यानं डोकं उठत नाही. आईनं यंत्र चालू ठेवून अख्खा अभंग ऐकला. मी येईल त्याला लिंकविट्झ-रायली सांगत होतो. बांधाच्या गोष्टीवर माणसं मान डोलवत होती, विशेषतः ज्यांची शेती आहे ती.

मग भाचा सुट्टीला आला. लॅपटॉप उघडून बराच वेळ गप्प बसला.

"मामा, ही चौकट..."

खड्डा बघून झाल्यावर टिचकी काढायची असते. मी ती काढलीच नव्हती. तीन आठवडे आम्ही सगळे बांधावरच्या पाताळातून गाणी ऐकत होतो, आणि पाहुण्यांना चहा पाजून त्याचं कौतुक करून घेत होतो.

त्यानं टिचकी काढली. गायिका एकदम दोन पावलं पुढं आली. तबल्याचा 'ना' टणकन वाजला. शब्दांना कडा आल्या. सगळं बरोबर होतं, पुस्तकात लिहिल्यासारखं.

आतून बायकोची हाक आली, "बिघाडलं व्हय वो?"

आई म्हणाली, "ती बाई का वरडायलीया?"

संध्याकाळी मेहुणा आला. दोन मिनिटं ऐकून भिडेखातर म्हणाला, "दाजी, पयली मजा ऱ्हायली न्हाई." भाच्यानं त्याचंही कारण सांगितलं. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो, आणि मी नेमका तिथंच खड्डा खणला होता. जे टोचायचं तेच गायब, म्हणून सगळ्यांना मऊ मऊ वाटत होतं.

यंत्रात चार कप्पे आहेत. एक नंबरला बरोबर आवाज ठेवलाय, दोन नंबरला चुकीचा. पाहुणे आले की बायको काही न बोलता उठते, दोन नंबर दाबते आणि पोहे टाकायला जाते. मी एकटा असेन तेव्हा एक नंबर.

परवा सगळे जोतिबाला गेले होते. मी दिवा मालवून, पाय पसरून, सोफ्यावर माइक होता त्या नेमक्या जागी बसलो. बरोबर ते बरोबर, असं स्वतःशी म्हणत अर्धं गाणं ऐकलं. काय तो आवाज! मग सहज यंत्राकडं नजर गेली. दोन नंबरचा दिवा लागला होता.

गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत काही मी उठलो नाही.