आरएफसीतील स्पेलिंगविषयी खुलासा

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांचे दस्तऐवज, म्हणजेच आरएफसी, केवळ अमेरिकन स्पेलिंगमध्येच लिहावे लागतात आणि ब्रिटिश स्पेलिंगचा मसुदा थेट नाकारला जातो, असा संदेश सध्या सोलापुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरत आहे. हे खरे नाही. सप्टेंबर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली लेखनशैलीची मार्गदर्शिका, आरएफसी 7322, दोन्ही पद्धतींना मुभा देते. अट एवढीच, की एका दस्तऐवजात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी. ‘कलर’मधला ‘यू’ एका पानावर ठेवून पुढच्या पानावर गाळला, तर मसुदा नाकारला जात नाही, संपादक तो अमेरिकन पद्धतीने एकसारखा करतात. अफवेचा उगम बहुधा इथेच असावा.

शाळेपासून ब्रिटिश वळण गिरवलेल्या आपल्या मुलांनी त्यामुळे बिचकण्याचे कारण नाही. खरी काळजी घ्यायची ती विरामचिन्हांची: हुबेहूब टंकायचा मजकूर अवतरणात दिल्यास पूर्णविराम अवतरणचिन्हाबाहेर ठेवावा, अन्यथा वाचणारा तो टिंबही आज्ञेचाच भाग समजून टंकेल. संक्षेपांचे पूर्ण रूपही, सर्वपरिचित अपवाद वगळता, पहिल्या उल्लेखाबरोबर द्यावे लागते, शीर्षकातसुद्धा.