सगळं टेक्स्टच ठेवा!

कुठल्या संस्थेत रूल इंजिनात, म्हणजे अर्ज नियमांत बसतो की नाही हे आपोआप ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नियम भरायचं काम तुमच्याकडे असेल, तर डेटा टाइपच्या, म्हणजे कुठल्या रकान्यात नंबर, कुठल्यात तारीख, कुठल्यात टेक्स्ट (नुसता मजकूर) हे ठरवायच्या, भानगडीत पडूच नका. दिसेल ते फील्ड टेक्स्ट करा. टेक्स्टमध्ये आकडे मावतात, तारखा मावतात, ‘लागू नाही’ मावतं, साहेबांचा शेरासुद्धा मावतो.

तारीखही टेक्स्टच. 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, ते अर्जदाराच्या नशिबावर सोडा.

खातेक्रमांक मात्र आठवणीनं नंबर करा. पुढची शून्यं गळतात, आणि सोळा अंकी असला तर एक्सेल शेवटच्या अंकाचं शून्य करून देतं.

रिकामी जागा आणि शून्य एकच माना. उत्पन्न भरायचं राहिलं? मग तो कंगाल.

आता उत्पन्नाची मर्यादा. इथे खरी कारागिरी. उत्पन्न टेक्स्ट, मर्यादा टेक्स्ट, मध्ये ‘पेक्षा जास्त’चं चिन्ह. मग मशीन रक्कम बघत नाही, डावीकडून एकेक अक्षर ताडून बघतं. माझ्या भाचीचा फी-सवलतीचा अर्ज असाच उडाला. घरचं वार्षिक उत्पन्न 96000, मर्यादा 250000. पहिलं अक्षर 9, समोर 2. नऊ मोठा, अर्ज नामंजूर! शेरा काय, तर ‘उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त’. तिचे बाबा बडोद्याच्या दांडिया बाजारातून मूळ दाखला घेऊन धावले, तर खिडकीतून उत्तर आलं, “सिस्टम ना पाडे छे.” म्हणजे सिस्टमच नाही म्हणते. पुन्हा अर्ज, पुन्हा तोच शेरा. याच नियमात 1200000 वाला मात्र आरामात बसतो, कारण एक दोनापेक्षा लहान! आणि चाचणी? ती 200000 आणि 300000 घालून करायची. दोन्ही सहा अंकी, उत्तर बरोबर येतं, सही करून मोकळे.

अहो, लाज वाटत नाही? टेक्स्टचं नंबर करायला एक ड्रॉपडाउन उघडावा लागतो, तेवढंही होत नाही तुमच्याच्यानं? एक पाच आकडी उत्पन्न घालून बघवलं नाही? सिस्टम काही ना पाडत नाही, तुम्ही लिहिलंत तेच ती करते. आणि खिडकीतले भाऊ, शहाण्णव हजार अडीच लाखांहून जास्त नाहीत, हे तुम्हाला तरी कळत होतं ना? दाखला हातात होता. तो घेऊन वरच्या मजल्यावर जायचं सोडून आमच्याकडेच परत कशाला सरकवलात?