पाइप फुटलेला नाही, तरी पाण्याला पेट्रोलचा वास?

‘गळती नाही, आत दाब आहे, म्हणजे जमिनीत सांडलेलं पेट्रोल पाण्यात येऊच शकत नाही’ हा दावा चुकीचा आहे. दाब फटीतून शिरणारी घाण थोपवतो. पेट्रोलमधली बेंझीन, टोल्युइन ही रसायनं मात्र पाइपच्या काळ्या पॉलिइथिलीन प्लास्टिकमध्ये विरघळून भिंत ओलांडतात. रात्रभर नळ बंद राहिला की प्रमाण वाढतं, म्हणून नमुना सकाळच्या पहिल्या पाण्याचा, काचेच्या बाटलीत काठोकाठ, बुडबुडा न ठेवता घ्यावा. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला अवघी 10 मायक्रोग्रॅम आहे. नळ वाहता ठेवणं तात्पुरतं. भिंतीत मुरलेलं रसायन झिरपतच राहतं. पेट्रोल सांडलेल्या जमिनीत तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अखंड थर असलेला पाइपच हवा. कडक पीव्हीसी बरंच तग धरतं, पण निव्वळ टोल्युइनमध्ये तेही फुगून मऊ पडतं. आणि जोडातली रबरी रिंग? तिच्याकडे सहसा कुणी बघतच नाही.