एका थेंबात सगळे ताप कळत नाहीत

लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे एक मजकूर मोबाईलवर फिरतो: 'तापाचं किट घरात ठेवा. एक थेंब रक्त, दोन मिनिटं. लेप्टो, डेंगी, मलेरिया, सगळं कळतं. एकच रेघ आली तर निर्धास्त राहा.'

यातलं सर्वांत घातक वाक्य शेवटचं. लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा जंतूचा ताप. त्याच्या नेहमीच्या कार्डावर, म्हणजे किटमधल्या चाचणीच्या पट्टीवर, जंतू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली आयजीएम प्रतिपिंडं दिसतात. ती पुरेशी व्हायला तापाचा पाचवा-सातवा दिवस उजाडतो. मळ्यात चिखलणी करणाऱ्याला ताप भरला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लालबुंद झाले आणि तिसऱ्या दिवशी कार्ड लावलं, तर ते बहुधा निगेटिव्हच येणार. औषध सुरू करण्याची खरी वेळ मात्र हीच असते. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर निकालासाठी न थांबता डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. लघवी कमी झाली, कावीळ दिसली, धाप लागली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. डेंगीत मात्र विषाणूचंच एनएस1 हे प्रथिन पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं, आयजीएम त्यानंतर.

शिवाय निगेटिव्ह कार्डावर जी एकच रेघ येते ती 'सी'ची, म्हणजे कंट्रोलची. ती फक्त एवढंच सांगते की द्रव पट्टीवरून पुढे सरकला. रक्त कमी पडलं तरी ती उमटते. मलेरियाच्या बहुतेक कार्डांना 5 मायक्रोलिटर रक्त लागतं. स्पिरिट वाळू द्यायचं, मग टोचायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. बफरची, म्हणजे रक्त पट्टीवरून पुढे नेणाऱ्या द्रवाची, बाटली उभी धरून सांगितलेले तेवढेच थेंब टाकायचे. एका किटचा बफर दुसऱ्याला चालत नाही.

दोन मिनिटांत तर काहीच ठरत नाही. मलेरियाचं कार्ड साधारण 15 ते 20 मिनिटांनी वाचतात. अर्ध्या तासानंतर उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. आपल्या दमट हवेत फोडून ठेवलेलं पाकीट वाया गेलंच समजा. फ्रिजमधलं कार्ड बाहेरच्या हवेइतकं होईपर्यंत पाकीट फोडू नये, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

पॉझिटिव्ह कार्डही सरसकट आजचा आजार दाखवत नाही. फाल्सिपेरम या प्रकारच्या मलेरियाच्या कार्डावर दिसणारं एचआरपी2 हे जंतूचं प्रथिन औषधाने जंतू मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं. बरा झालेला माणूस पुन्हा पॉझिटिव्ह येतो तो यामुळे. तिथे सूक्ष्मदर्शकाखालचा रक्तनमुनाच बघावा लागतो.

आणि 'सगळं'? दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून आढळलेला माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडीतून होणारा विषाणूचा ताप, या किटमध्ये नाहीच. त्याला सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, लागते. ट्रूनॅटसारखं बॅटरीवर चालणारं यंत्र, जे गोव्यातच तयार होतं, अशा चाचण्या गावाजवळ आणू शकतं. पण त्यालाही प्रशिक्षित हात आणि योग्य दिवशी घेतलेला नमुना लागतो.

आशाताईंकडचं मलेरियाचं कार्ड नीट वापरलं तर फार मोलाचं आहे. उपकेंद्रात गेल्यावर आधी सांगा: ताप कोणत्या तारखेला भरला, कोणत्या गोळ्या घेतल्या, आणि गेल्या महिन्याभरात चिखलात काम झालं की रानात जाणं.