आत्या वारल्या

सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या बालवाडीत आत्या वारल्या. साडेअकराला त्यांना वाळूत पुरलं, बाराला शाळा सुटली आणि सव्वाबारापासून माझा फोन वाजायला लागला.

आत्या म्हणजे मगर. खोटी-खोटी. हे मला त्या दुपारी अकरा पालकांना समजावून सांगावं लागलं. एका बाबांनी तर तोवर घाबरून मिरजेला बहिणीच्या घरी फोन लावला होता. फोन बहिणीनंच उचलला, तेव्हा काय बोलावं ते त्यांना सुचेना.

सगळं सुरू झालं ‘पाळीव प्राणी’ या आठवड्यापासून. वर्गात एखादा प्राणी असावा, असं आमच्या चालकांच्या मनात आलं. ते म्हणाले, पोपट आणू. पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे, असं मी सांगितल्यावर ते माशांवर आले. पण काचेची टाकी धुणार कोण? मावशींनी फरशी पुसता पुसता मान वर न करता निकाल दिला, “चोवीस पोरांची शी-शू काढते. पंचविसाव्याची काढायची नाही.”

तेव्हा शहाणपणा मीच केला. म्हटलं, आपण खोटा-खोटा प्राणी पाळू. ना खाणं, ना घाण.

आम्हाला प्रशिक्षणात कोसबाडची कुरणशाळा शिकवली होती. मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. तेव्हा वाटायचं, केवढं अवघड काम! आता वाटतं, त्यांची गुरं निदान दिसत तरी होती. (अनुताई, माफ करा.)

मी मनात ससा ठरवून ठेवला होता. कोबीचं पान, दोन टुणटुण उड्या, विषय संपला. पण मुलांना विचारायची दुर्बुद्धी झाली. एकाला डायनासोर हवा होता, तिघांना जेसीबी. जेसीबी हा प्राणी नाही हे पटवण्यात दहा मिनिटं गेली आणि तरी पटलं नाहीच. शेवटी बहुमत मगरीला मिळालं. सांगलीच्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. कृष्णेत मगरी आहेतच. थंडीत काठावर ऊन खात पडतात आणि घरोघरच्या आज्या त्यांचंच नाव घेऊन दोन घास जास्त भरवतात. म्हणजे बघा, पोपट बेकायदा म्हणून मी नाकारला आणि त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर सतरंजीवर आणून बसवलं.

“मगर तोंड उघडं ठेवून का पडते?” एकानं विचारलं.

“अंग फार तापू नये म्हणून.”

“आमची आत्यापण तश्शीच झोपते!”

बारसं झालं.

खरा प्राणी एका वेळी एकाच जागी असतो, हा त्याचा मोठेपणा मला नंतर कळला. आत्या एकाच वेळी चोवीस ठिकाणी असायच्या. मी खुर्चीत बसले की त्यांच्या शेपटीवर, उभी राहिले की पंजावर. हात धुवायच्या नळापर्यंत नदी पसरल्यामुळं डब्याआधी सगळ्यांना सतरंजीच्या होडीतून न्यावं लागे, आणि होडी ओढायला मी. पाणी सांडलं? आत्यांनी. खडू मोडला? आत्यांनी. चड्डी ओली? “त्या नदीतनं आल्या आणि अंग झटकलं.” डब्यातला दोडका रोज आत्यांच्या पोटात जाई. भडंग मात्र त्यांना सोसत नसे. एका आईनं चिठ्ठी पाठवली, ‘कृपया भाजी मगरीला देऊ नये.’ चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

एकदा डबा खाताना मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. का, ते विचारू नका. सवय. तर एक चिमुरडी जवळ आली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, “ताई, ती खरी नाहीय हं. सोडा पाय खाली.”

मी सोडले. ती लगेच किंचाळली, “आत्याच्या डोळ्यात पाय घातला ताईंनी!”

तर सोमवारी आत्यांनी मावशींची चप्पल खाल्ली आणि त्यांना बाधली. पेन्सिलीची इंजेक्शनं झाली, उडीच्या दोरीचं सलाईन झालं. गुण आला नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी लगबगीनं चेहरा पाडला, कुंडीतली चार सदाफुलीची फुलं तोडली आणि अंगणातल्या वाळूकडं अंत्ययात्रा काढली. अर्धा दिवस सुट्टी द्यावी, असं मावशींनी सुचवलं. तेराव्याला जेवायला बुंदी असावी, असं वर्गानं ठरवलं.

आणि वाळू उकरताना कुणीतरी ओरडलं, “ताई, अंडी!”

चूक माझीच. मगर वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, हे शुक्रवारी मीच हौसेनं सांगितलं होतं. मुलांनी मोजली. बरोबर चोवीस निघाली. प्रत्येकानं एकेक मुठीत धरून घरी नेलं.

रात्री साडेनऊला शेवटचा फोन आला. खुद्द आत्यांचा. भावाचा फोन आल्यापासून जिवाला चैन पडेना, म्हणून त्या संध्याकाळीच मिरजेहून आल्या होत्या.

“मी बरी आहे, ते असू दे,” त्या म्हणाल्या. “पण हा उजवी मूठ सोडत नाही हो. डाव्या हातानं जेवला. वहिनी म्हणते, ते अंडं फ्रीजमध्ये ठेव आणि झोप. चालेल?”

“फ्रीजमध्ये?” मी ओरडलेच. “अहो, पिल्लू नर की मादी ते उबेवर ठरतं! दुलईत ठेवा. आणि तो कुणाजवळ झोपतो?”

“आज माझ्याजवळ.”

“मग जरा जपून कूस बदला.”